धारूरचे तारबंद बोल्ट

कृषी सहायक म्हणून धारूरला रुजू झाले तेव्हा मी खोली शोधत होते. प्रत्येक घरमालकाने आधी माझीच चौकशी केली. लग्न झालंय का, गाव कोणतं, घरात अंडी शिजणार का. किल्ल्याच्या वाटेवरच्या एका घरमालकाने मात्र यातलं काही विचारलं नाही. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात बनियन, पायजम्याच्या खिशात पाना. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते थेट माझ्या स्कूटीजवळ गेले, उकिडवे बसले, इंजिनाखाली हात घातला आणि तिथूनच म्हणाले, "हे ढिलं हाय. तुमी हितवर आल्या कशा?"

मी म्हटलं, बसस्टँडच्या रस्त्याने.

"रस्ता न्हाई इचारत, म्याडम. नशीब इचारतोय."

खोली मिळाली. अट एकच होती. दर सोमवारी सकाळी त्यांची महादेवाची पूजा आटोपली की मी गाडी शेडसमोर उभी करायची आणि ते तिचे सगळे बोल्ट तपासणार. पहिल्या महिन्यात मला याचा वैताग आला. दुसऱ्या महिन्यात सवय झाली. तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी मी रजेवर गावी होते, तर त्यांचा फोन आला की आज गाडी चालवू नका, तपासलेली न्हाई.

मी त्यांना काका म्हणत असे. गाव त्यांना बोल्टवाले म्हणत असे, आणि त्यांचे थोरले बंधू नुसतं 'त्यो' म्हणत. बंधूंचं बाजारात वडिलोपार्जित किराणा दुकान. तीन पिढ्या गूळ, डाळ, गोडेतेल. काका मात्र तरुणपणीच गल्ल्यावर बसायला नको म्हणून वाळूजच्या एका कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, गेले, तिथे आयुष्यातली चांगली वर्षं घालवली आणि परत येताना एक जुना लेथ ट्रकमध्ये घालून घेऊन आले. बंधू मला एकदा तूर डाळ तोलून देताना म्हणाले, "लोक रिटायर होऊन येताना काशीचं पानी आनतेत. ह्यानं चौदा क्विंटलचं लोखंड आनलं."

काका चालताना कधी समोर बघत नसत. नजर रस्त्यावर. रस्त्यात पडलेला नट, बोल्ट, वायसर दिसला की उचलून खिशात, आणि घरी आल्यावर लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. बरण्यांवर कागद चिकटवलेले असत: 'घाट, तिसरं वळण', 'आडस रोड', 'बसस्टँड, मागची बाजू'. कुणाच्या ना कुणाच्या गाडीतून पडलेलं हे लोखंड बघताना त्यांचा चेहरा असा होई, की जणू मृतांची यादी वाचताहेत.

लग्नाला गेले की मंडपाचा खांब हलवून बघितल्याशिवाय ते बसत नसत. एका पुतणीच्या लग्नात कार्यालयातल्या छताच्या पंख्याकडे बघून ते भर पंगतीत म्हणाले, ह्याच्याखाली कुनी बसू नका. झालं. वरपक्षाची अख्खी ओळ पत्रावळी उचलून दुसऱ्या भिंतीला गेली. त्यात कुणाचा वरण-भात सांडला, कुणाचा मान सांडला. पंखा काही पडला नाही. त्या पुतणीला आता दोन मुलं आहेत, पंखा अजून फिरतो आहे, आणि हे कुणी ऐकवलं की काका शांतपणे म्हणतात, "पडंल."

या माणसाच्या आयुष्यात काहीतरी भयंकर घडलेलं असणार, असा माझा समज होता. गावातही तशा कहाण्या होत्या. कुणी म्हणे धाकटा भाऊ चाक निसटून गेला, कुणी म्हणे कारखान्यात जोडीदार मशीनखाली आला. शेवटी एका दुपारी काकूंसोबत शेंगा फोडत बसले असताना मी दबक्या आवाजात विचारलं. काकू हसायला लागल्या.

"कुनी मेलं न्हाई, पोरी. लग्नात बोल्ट पडला."

काकूंचं माहेर नेकनूर. लग्न लागल्यावर सगळं वऱ्हाड जीपमध्ये बसलं, पण नवरदेवाचा हट्ट की नवरीला मी माझ्या मोटारसायकलवर नेणार. वाटेत इंजिनाच्या तळाचा, तेल सोडायचा बोल्ट गळून पडला. तेल मागच्या बाजूला उडत राहिलं, ते सगळं काकूंच्या शालूवर. थोड्या वेळाने इंजिन धडधडून जाम झालं आणि गाडी माळावर उभी राहिली.

"त्याचं मला काय न्हाई," काकू म्हणाल्या. "गाडी हाय, बंद पडायचीच. पन ह्ये मला तितंच बाभळीखाली बसवून बोल्ट हुडकायला मागं गेले. बाशिंग बांधून. दीड तास."

"सापडला का?"

"न्हाई ना. म्हनून तर आजून हुडकतेत."

काकू सासरी पोचल्या त्या कांद्याच्या टेम्पोत, ड्रायव्हरच्या शेजारी बसून. शालू अजून पेटीत आहे, डागासकट. काकांना हे कुणी आठवून दिलेलं आवडत नसे, म्हणून काकू ते वर्षातून एकदाच, लग्नाच्या वाढदिवशी आठवून देत.

वाळूजहून आल्यावर काका शेडमध्ये विहिरीच्या मोटारींचे शाफ्ट, ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या पिना असली कामं करत. मी यायच्या दोनेक वर्षं आधी घाटात एका पुण्याच्या मुलाची मोटारसायकल बंद पडली. हा मुलगा शर्यतीत गाड्या पळवणारा. लोकांनी त्याला काकांकडे आणलं. काका नेहमीप्रमाणे इंजिनाखाली वाकले आणि तिथेच थांबले. तळाच्या बोल्टच्या डोक्याला आरपार भोक होतं. भोकातून पोलादी तार ओवलेली होती, पीळ देऊन इंजिनाला बांधलेली होती, आणि ओढ अशी दिलेली, की बोल्ट सुटायला फिरलाच तर तार त्याला उलट आवळण्याच्या बाजूला खेचणार. शर्यतीचा नियमच आहे, तो मुलगा म्हणाला, ट्रॅकवर कुणाचं तेल सांडलं तर मागचे दहा जण पडतात, म्हणून बोल्ट तारेने बांधावाच लागतो.

काकू सांगत, ह्ये गाडीखाली इतका वेळ आडवे होते, की मला वाटलं चक्कर आली. काकांनी मला स्वतः सांगितलं ते वेगळं होतं. ते म्हणाले, आयुष्यभर मला वाटायचं मी एकलाच येडा हाय. त्या दिवशी कळलं, की जगात आपल्यासारखी मानसं हायेत, आन् त्यांनी नियम बी करून ठिवलाय.

त्या मुलाच्याच तोंडून त्यांनी टायटॅनियमचं नाव ऐकलं. पोलादाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचं, ताकदीला तेवढंच, गंज नाही. शर्यतवाले वजनासाठी जीव टाकतात, म्हणून त्यांना बोल्ट टायटॅनियमचे हवे असतात, मापाचे, डोक्याला भोक पाडलेले. काकांनी ओळखीच्या माणसाकरवी मुंबईहून एक सळई मागवली. ती एसटीच्या पार्सलने आली तेव्हा ते तिला उचलून बघत राहिले. बंधूंनी दुकानातून येऊन ती हातात घेतली आणि म्हणाले, हलकी हाय, फसिवलं तुला.

पुढचे सहा महिने त्या सळईने काकांना रडवलं. टायटॅनियम उष्णता आत जाऊ देत नाही, ती सगळी हत्याराच्या टोकावर बसते. दीड मिलिमीटरचं भोक पाडताना ड्रिल क्षणभर जरी नुसतं घासलं तरी तिथला धातू कडक होतो आणि ड्रिल मोडतं. मोडलेल्या ड्रिलांची एक वेगळी बरणी झाली. काका म्हणत, "लोखंड आईकतं. ह्येला इचारून काम करावं लागतं." लेथ सुरू करण्याआधी ते खरंच सळईवर हात ठेवून जरा वेळ उभे राहत.

याच काळात काकूंना शेडमध्ये यायची बंदी झाली. त्याचं असं झालं, की एका दुपारी हत्यार बोथट झालं, घासून घासून लाल झालं आणि लेथखाली साठलेल्या टायटॅनियमच्या किसाने पेट घेतला. पांढराशुभ्र जाळ, डोळे दिपतील असा. काकू माठाशेजारची बादली घेऊन धावल्या. आता टायटॅनियमच्या आगीवर पाणी टाकलं तर ती विझत नाही, भडकते. काका हात पसरून दारात उभे राहिले आणि ओरडले, पानी न्हाई, माती! नवऱ्याच्या मागे आग लागलेली आणि नवरा पाणी अडवतोय, हे बघून काकूंना वाटलं उन्हाने डोकं फिरलं. त्यांनी बादली काकांवरच ओतली. मग काकांनी ओलेत्याने फावडं घेऊन अंगणातली वाळू टाकली आणि आग विझली. मिशीची एक बाजू गेली. दुसऱ्या दिवशी शेडच्या दारावर खडूने लिहिलेलं होतं: 'पाणी आणि घरचे यांना मनाई.'

"मला पान्याच्या मागं लिवलं," एवढंच काकू म्हणाल्या. पण त्या परत शेडच्या उंबऱ्याशी गेल्या नाहीत.

मी राहायला आले तोवर काकांचा हात बसला होता. दिवसाला तीन बोल्ट, फार तर चार. प्रत्येक बोल्ट ते सराफी तराजूवर तोलत, आट्यांवर नख फिरवत, भोकातून तार ओवून ओढत. पसंत पडला तर एका डब्यात, नाही तर दुसऱ्यात. डब्यांवर 'पास' आणि 'बाद' लिहिलेलं. बाद झालेल्या बोल्टचे आटे ते दर आठवड्याला ग्राइंडरवर घासून टाकत, म्हणजे तो चुकूनही कुणाच्या गाडीला लागू नये. पुणे, कोल्हापूर, बेंगळुरूहून शर्यतवाल्यांचे निरोप येऊ लागले होते. काका प्रत्येकाला आधी गाडीच्या पोटाचा फोटो पाठवायला सांगत आणि फोटो पसंत नसेल तर बोल्ट देत नसत.

टायटॅनियम तापवलं की त्यावर निळा, जांभळा रंग चढतो, हे एकदा गावातल्या पोरांना कळलं. एका पुढाऱ्याचा मुलगा चार जणांना घेऊन आला. नंबरप्लेटला निळे बोल्ट हवेत म्हणाला. काकांनी विचारलं, इंजिनाला काय हाय? तो म्हणाला, इंजिनाचं कोन बघतंय. काका त्याच्या गाडीखाली गेले, चार बोल्ट आवळून दिले आणि निळ्यांचं नाव काढू नको म्हणून त्याला हात जोडून वाटेला लावलं. पुढारी दुसऱ्या दिवशी स्वतः आले. काकांचं काम आता बंद पडणार, असं बंधूंना वाटलं. पण पुढाऱ्यांनी आपली जीप पुढे केली आणि म्हणाले, आमची बी बगा जरा, खालून आवाज येतोय.

आता ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो. सीताफळाचे दिवस होते. घाटात गाडी बंद पडलेला तो पुण्याचा शर्यतवाला आठ बोल्ट घ्यायला स्वतः आला होता. पुढच्या आठवड्यात त्याची शर्यत होती. एक बोल्ट काकांनी तिथेच त्याच्या गाडीला लावून, तार पिळून दिला. सात कागदात गुंडाळून दिले. काकूंनी त्याला भाकरी-पिठलं खाऊ घातलं आणि तो घाटाच्या दिशेने निघाला. मीही शेतावर जायला निघतच होते.

काका शेडमध्ये बाद डबा घासायला बसले होते. ग्राइंडर सुरू झालाच नाही. थोड्या वेळाने ते बाहेर आले. तळहातावर एक बोल्ट होता.

"म्याडम, ह्यो चांगला हाय."

मला कळेना. चांगला आहे तर मग?

"बाद डब्यात चांगला हाय. मंग बाद झालेला कुटं हाय?"

एक बोल्ट त्यांनी त्याच आठवड्यात बाद केला होता. ड्रिल घसरून भोक तिरकं गेलं होतं, एका कोपऱ्यात कागदाइतकी पातळ भिंत उरली होती. शर्यतीत इंजिनाच्या थरथरीत ती भिंत फाटली असती, तार सुटली असती आणि मग बोल्ट. मुलाला फोन लावला, तो वाजत राहिला. हेल्मेटात काय ऐकू येणार. काकांनी मग घाटाखालच्या टपरीवाल्याला फोन केला. त्याला इतकंच सांगितलं की लाल गाडी, काळं हेल्मेट, सोडू नका, मी येतोय. आणि फोन ठेवला. मग ते माझ्या स्कूटीवर मागे बसले. त्याआधी वाकून तळाचा बोल्ट तपासला, ही गोष्ट वेगळी.

घाट उतरताना ते माझ्या एका कानात हळू म्हणत होते आणि दुसऱ्या कानात जल्दी. तिसऱ्या वळणावर रस्त्याच्या मधोमध एक चांगला मोठा नट पडलेला होता. मी तो चुकवला. काकांनी थांबायला सांगितलं नाही. घाईत असतील, असं मला वाटलं.

टपरीवर पन्नासेक माणसं जमली होती. रस्त्यावर सीताफळाच्या पाट्या आडव्या लावलेल्या. मुलगा बाकड्यावर मधे बसवलेला, त्याच्या गाडीची किल्ली टपरीवाल्याच्या खिशात, दोन म्हातारे त्याच्या दोन्ही बाजूंना, आणि तिसरा त्याला बापाचं नाव विचारत होता. हातात चहा दिलेला होता. धारूरच्या बोल्टवाल्यांकडून काहीतरी चोरून पळालेला माणूस पकडला, अशी बातमी खालच्या वस्तीपर्यंत गेली होती. मला बघून तो उठायला लागला तर म्हाताऱ्यांनी त्याला परत बसवला.

"मॅडम, मी काय केलंय?" तो म्हणाला.

काका गाडीखाली गेले. लावलेला बोल्ट बोटांनी चाचपला, तार ओढली. ठीक होता. मग त्यांनी पुडकं मागितलं, टपरीच्या फळकुटावर सातही बोल्ट ओळीने मांडले आणि एकेक उचलून उन्हात धरून बघू लागले. जवळ धरला, लांब धरला, डोळे बारीक केले. सात बघून झाले. पुन्हा पहिल्यापासून. पन्नास माणसं माना पुढे काढून बघत होती. दुसऱ्यांदा सात झाले तेव्हा त्यांच्या कपाळावरचं भस्म घामाने ओघळलं होतं.

त्यांनी बोल्ट माझ्यापुढे सरकवले.

मला शेतीतलं कळतं, बोल्टमधलं नाही. पण तिसराच बोल्ट उचलला आणि कळलं. भोक कडेला इतकं लागून गेलं होतं, की शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. मी तो त्यांच्या हातात दिला.

काकांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं.

"दिसतंय तुमाला?"

"दिसतंय, काका."

डब्यांतल्या बोल्टची अदलाबदल कुणी केली, हा प्रश्न तिथे संपला. 'पास' आणि 'बाद' ही दोन अक्षरी नावं त्यांना शेडच्या सावलीत वाचता येत नव्हती, आणि हे त्यांना स्वतःलाही आत्ताच कळत होतं. किती महिने ते बोटांवर काम रेटत होते कोण जाणे.

मागून कुणीतरी म्हणालं, काय चोरलं ह्यानं?

काका वळले. मी आजवर त्यांना कुणाची माफी मागताना पाहिलं नव्हतं. पंख्याची सुद्धा मागितली नव्हती त्यांनी. "त्यानं काय चोरलं न्हाई," ते म्हणाले. "मी त्याला खोटा माल दिला. चूक माजी हाय." आणि त्या पंचवीस वर्षांच्या पोरासमोर हात जोडून, लिंगायतांत थोरामोठ्यांना नमस्कार करताना म्हणतात तसं, म्हणाले, "शरणार्थ."

गर्दीची मोठी निराशा झाली. टपरीवाल्याने किल्ली परत दिली, म्हातारे उठून गेले, बायांनी पाट्या बाजूला घेतल्या. मुलगा चांगल्या घरचा. काकांनी आणलेला चांगला बोल्ट त्याने कागदात गुंडाळला आणि म्हणाला, काका, एवढं घाट उतरून कुणी आलं नसतं. काकांना ते ऐकू आलं की नाही माहीत नाही. ते त्या बाद बोल्टकडे बघत होते. जाताना एका बाईने मुलाच्या पिशवीत चार सीताफळं टाकली, उगाच बसवून ठेवलं म्हणून.

घरी आल्यावर शेडला कुलूप लागलं. चार दिवस लेथ बंद. सोमवार आला, मी गाडी उभी केली, काका बाहेर आले नाहीत. तेव्हा मात्र मी घाबरले. काकूंना टपरीवरचं सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. ताटातला खडा ह्येंना वरीसभर दिसत न्हाई, त्या म्हणाल्या, पण मी सांगनार कुनाला, मला तर पान्यासंगं बाहीर ठिवलंय.

मग त्या उठल्या, शेडची किल्ली खुंटीवरून काढली, आत गेल्या आणि दोन्ही डबे उचलून स्वैंपाकघरात आणून ठेवले. काका पडवीत बसून बघत होते.

"करा तुमी," काकू त्यांना म्हणाल्या. "बघीन मी."

काकू अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात. पहिल्याच दिवशी त्यांनी चारातले दोन बोल्ट बाद केले. काकांनी कारण विचारलं तर म्हणाल्या, भोकातून तार जाताना कुरकुर करती. काकांनी भिंग मागवून बघितलं. भोकाच्या तोंडाशी केसाएवढी कड राहिली होती. त्यांनी जाऊन ती साफ केली. त्यानंतर वाद घालायला लागले की काकू भिंग पुढे करत.

त्या हिवाळ्यात अंबाजोगाईला काकांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. पट्टी निघाली तसे ते गावभर फिरून आले आणि खिसाभर नट-बोल्ट घेऊन परतले. वर्षभराचे राहिले होते. शेडच्या दारावरची खडूची ओळही त्यांना आता स्वच्छ दिसली असावी, कारण दुसऱ्या दिवशी त्यातली 'आणि घरचे' ही अक्षरं पुसलेली होती. मग ते काकूंना म्हणाले, आता डोळे आले, डबे शेडमदी नेतो.

काकूंनी डबे दिले नाहीत.

पुढे माझी बदली शिरूर कासारला झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा काकू भाकरी थापत होत्या, आणि काका स्वैंपाकघराच्या उंबऱ्यावर स्टीलच्या ताटलीत दहा बोल्ट घेऊन उभे होते. तोंडी परीक्षेला उभ्या असलेल्या पोरासारखे. मी आले आहे हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. काकूंनी शेवटची भाकरी फुगवली, हात धुतले, पदराला पुसले आणि एकेका बोल्टमधून तार ओवू लागल्या. आठ झाले. नवव्याला थांबल्या. परत ओवली. तो बोल्ट बाजूला ठेवला.

"त्येला काय झालंय?" काका म्हणाले. "मी भिंगातून बघितलाय. डोळे नवे हायेत माजे."

"मला पटंना," काकू म्हणाल्या.

काकांनी तो बोल्ट उचलला आणि शेडकडे गेले. थोड्या वेळाने ग्राइंडर सुरू झाल्याचा आवाज आला. काकूंनी तो नीट ऐकला, थांबेपर्यंत, आणि मगच दहावा बोल्ट हातात घेतला.